मार्टिनचा भाऊ

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्यात मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकायला जात होतो. कारण काही उदात्त वगैरे नव्हतं. मित्र जात होता, संध्याकाळ मोकळी होती आणि जर्मन येत असलं की नोकरीत भाव वधारतो अशी एक समजूत होती. जर्मन भाषेबद्दलचं माझं तोवरचं ज्ञान म्हणजे राहुल टॉकीजला पाहिलेले युद्धपट. त्यात जर्मन माणूस बोलत नसे, ओरडत असे.

आमच्या बाईंच्या हे लक्षात आलं असावं. एके दिवशी त्या टेपरेकॉर्डर घेऊन वर्गात आल्या. "अर्थ कळला नाही तरी चालेल," म्हणाल्या, "शब्द संपतो कसा तेवढं ऐका." कॅसेट सुरू झाली. पियानोवर दोनच सूर खर्जात घुमत होते, आणि त्यांच्यावर एक पुरुषी आवाज, जवळजवळ बोलल्यासारखा, हळू. गाणं तीन-चार मिनिटांत संपलं. कुणीच काही बोललं नाही. ही तीच भाषा आहे का, असा प्रश्न मला पडला होता.

गाणारा होता डीट्रिश फिशर-डीस्काउ. (नावाचा उच्चार जमायला मला दोन आठवडे लागले!) गाणं होतं 'विंटररायझं' म्हणजे 'हिवाळ्यातला प्रवास' या २४ गीतांच्या मालिकेतलं शेवटचं. गावाबाहेर बर्फात एक म्हातारा अनवाणी उभा राहून हाताने फिरवायचं वाद्य वाजवतो आहे. त्याची थाळी रिकामी आहे. त्याच्याकडे कुणी बघत नाही, त्याचं कुणी ऐकत नाही, कुत्री तेवढी गुरगुरतात. प्रेमभंग होऊन भटकणारा वाटसरू त्याच्यापाशी थांबतो, त्याच्यासोबत जावं का असं विचारतो, आणि मालिका त्या प्रश्नावरच संपते.

इथे एक गंमत सांगतो. ही गीतं लिहिणारा विल्हेल्म म्युलर हा आपल्या मॅक्स मुल्लरचा बाप! ज्याने सायणभाष्यासह ऋग्वेद छापला आणि ज्याच्या नावाने त्या इमारतीत मी व्याकरणाशी झटापट करत होतो, त्या मोक्षमुल्लर भट्टांचे वडील. पोराचं 'मॅक्स' हे नावसुद्धा वेबरच्या एका ऑपेरातल्या नायकावरून ठेवलेलं. विल्हेल्म १८२७ साली वारला तेव्हा मॅक्स चार वर्षांचाही नव्हता. त्याच वर्षी शूबर्टने या कवितांना चाली लावल्या, पण कवीच्या कानावर त्या कधी पडल्या नाहीत. पुढे टिळक येरवड्याला होते तेव्हा याच मॅक्स मुल्लरने त्यांना ऋग्वेदाची प्रत पाठवली आणि त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सही केली, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. बापाच्या कविता मात्र ठाऊक नसतात.

असो. विषय फिशर-डीस्काउचा आहे.

त्याचा जन्म २८ मे १९२५ चा, बर्लिनचा. वडील आल्बर्ट फिशर हे ग्रीक-लॅटिनचे पंडित आणि शाळेचे मुख्याध्यापक. आई शिक्षिका. वडिलांच्या आईकडच्या पूर्वजांत एक फॉन डीस्काउ नावाचे सरदार होते, ज्यांच्यासाठी बाखने १७४२ साली आपला 'शेतकऱ्यांचा कँटाटा' लिहिला. वडिलांनी १९३४ मध्ये ते नाव आडनावाला जोडून घेतलं. मुलगा १२ वर्षांचा असताना वडील गेले. घरात पुस्तकं, पियानो आणि तीन भाऊ. मोठा क्लाउस पुढे संगीतकार झाला, त्याने बर्लिनमध्ये स्वतःचं गायकवृंद चालवलं. दुसरा मार्टिन.

मार्टिन शरीराने आणि मनाने अपंग होता. युद्धाच्या काळात नाझींनी त्याला घरातून नेऊन एका संस्थेत ठेवलं आणि तिथे त्याला उपाशी ठेवून मारलं.

हे मी वर्गात ऐकलं नव्हतं. बऱ्याच वर्षांनी डीस्काउच्या आठवणींच्या पुस्तकात वाचलं. आत्मचरित्र १९८७ चं आहे, म्हणजे तेव्हा तो साठी ओलांडलेला, जगप्रसिद्ध गायक होता. मार्टिनबद्दल तो फार लिहीत नाही. अगदी थोडक्यात सांगतो आणि पुढे जातो. मला मात्र पुढे जाता आलं नाही. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून होतो.

कारण आमच्या घरातही एक मार्टिन होता.

आईचा सगळ्यात धाकटा भाऊ, बाळमामा. साताऱ्याला आजीजवळ असायचा. लोक 'खुळा' म्हणायचे, डॉक्टर मतिमंद म्हणायचे, आजी फक्त 'बाळ' म्हणायची. तिशीतही त्याला सदऱ्याची बटणं लावून द्यावी लागत. बोलणं चार-पाच शब्दांच्या पलीकडे नाही. मागच्या खोलीत त्याची खाट होती आणि खाटेच्या उशाशी रेडिओ. सकाळी आकाशवाणीची ती सुरुवातीची धून वाजली की हा उठून बसायचा, आणि मग दिवसभर काही लागो, बातम्या, भजनं, शेतीचा सल्ला, मान हलवत ऐकायचा. पाहुणे आले की मागच्या खोलीचं दार लोटून घ्यायचं असा घरात रिवाज होता. कुणी सांगावं लागत नसे.

मी बारा वर्षांचा असताना सुट्टीत शेजारची मुलं खेळायला आली आणि दार उघडं राहिलं. "हा कोण रे?" एकाने विचारलं. मी म्हणालो, "शेजारचा आहे. इथे झोपायला येतो." मामाने माझ्याकडे बघून हसून मान हलवली. त्याला काय कळलं, देव जाणे.

तर मी पुस्तक मिटून का बसलो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

पुन्हा बर्लिनकडे. डीस्काउ सोळाव्या वर्षी रीतसर गाणं शिकू लागला. जानेवारी १९४३ मध्ये, म्हणजे वय वर्षं सतरा, त्याने झेलेनडॉर्फच्या नगरसभागृहात 'विंटररायझं' गायली. मध्येच इंग्रजांचा हवाई हल्ला झाला. श्रोते आणि गायक सगळे तळघरात गेले. भोंगा वाजून धोका टळल्यावर सगळे वर आले आणि त्याने उरलेली गाणी गायली! सतराव्या वर्षी माणसाला भीती नसते की गाण्याखेरीज दुसरं काही सुचत नाही, कोण जाणे.

त्याच वर्षी त्याला सैन्यात नेलं. रशियाच्या आघाडीवर त्याच्याकडे काम काय, तर घोड्यांची निगा. नंतर इटलीत पाठवलं, तिथे १९४५ मध्ये तो अमेरिकनांच्या हाती लागला. मधल्या काळात बर्लिनमधलं राहतं घरही बॉम्बमध्ये गेलं होतं. पुढची दोन वर्षं युद्धकैदी. छावणीत त्याचं गाणं ऐकून अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्याला ट्रकमध्ये घालून एका छावणीतून दुसरीत न्यायला सुरुवात केली. घरची ओढ लागलेल्या हजारो पोरांपुढे हा पोरगा शूबर्ट गायचा. परिणाम असा झाला की त्याला सोडायला कुणाचं मन होईना, आणि घरी परतणाऱ्यांत त्याचा नंबर शेवटी लागला.

१९४७ मध्ये तो परतला. बाडेनवायलर गावी ब्राम्सच्या 'जर्मन रेक्विएम'चा गायक आजारी पडला म्हणून तालमीशिवाय उभा राहिला आणि गायला. जानेवारी १९४८ मध्ये बर्लिनच्या रिआस रेडिओने त्याच्याकडून अख्खी 'विंटररायझं' ध्वनिमुद्रित करून घेतली. वय बावीस. ते ध्वनिमुद्रण आज मिळतं. ऐकताना वाटतं, या मुलाने हे सगळं पाहून घेतलं आहे. नंतर मार्टिनची हकिकत कळल्यावर मी ते पुन्हा ऐकलं. तेव्हा शेवटच्या गाण्यातला म्हातारा मला कोणासारखा दिसला, ते सांगत बसत नाही.

नोव्हेंबर १९४८ मध्ये त्याने ऑपेरात पाऊल टाकलं, बर्लिनच्या नगर ऑपेरात. हाइन्झ टीट्येन या संचालकाने त्याला घेतलं आणि थेट व्हर्दीच्या 'डॉन कार्लोस'मधली पोझाची भूमिका दिली. संगीत दिग्दर्शक फेरेंट्स फ्रिचाय. प्रसंग काय होता बघा. रशियाने पश्चिम बर्लिनची कोंडी केली होती. कोळसा, पीठ, दूध विमानाने येत होतं. ऑपेराची मूळ इमारत बॉम्बमध्ये गेलेली, म्हणून खेळ दुसऱ्याच नाट्यगृहात. आणि तिथे तेवीस वर्षांचा हा गायक पोझा होऊन स्पेनच्या सर्वसत्ताधीश राजासमोर उभा राहतो आणि प्रजेसाठी स्वातंत्र्य मागतो. शेवटी मित्राला वाचवण्यासाठी स्वतः गोळी खातो. त्या रात्री श्रोत्यांना नुसतं सुरेल गाणं ऐकू आलं असेल असं मला वाटत नाही.

त्याचा आवाज बॅरिटोन, म्हणजे टेनरच्या खालची आणि बासच्या वरची, पुरुषी आवाजाची मधली पट्टी. तसा तो दणदणीत नव्हे. व्हर्दी-वाग्नरच्या वाद्यवृंदावर मात करणारे याहून भरदार आवाज तेव्हाही होते. याची ताकद शब्दांत होती. प्रत्येक व्यंजन, शब्दाचं प्रत्येक शेपूट त्याच्या गळ्यात अर्थासह यायचं. काहींना हे खटकायचंही. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थने १९७२ मध्ये एका गाजलेल्या निबंधात तक्रार केली की या गाण्यात अर्थ आणि भाव सगळा आहे, गळ्याचा कस मात्र नाही. मला ही तक्रार अगदीच खोटी वाटत नाही. कधीकधी तो शब्दाला इतका जपतो की सूर मागे राहतो. पण ज्या भाषेचा दशकभर आरोळ्या ठोकण्यासाठी वापर झाला, ती परत माणसांत आणायची तर एकेक शब्द असा हाताने पुसूनच घ्यावा लागणार ना? हे माझं मत. बार्थसाहेबांना पटलं नसतं.

कीर्ती झपाट्याने पसरली. १९५१ मध्ये साल्झबुर्गला फुर्टव्हेंगलरबरोबर माहलर, १९५४ मध्ये बायरॉइटला 'टानहॉयझर'मधला वोल्फ्राम. २४ सप्टेंबर १९६१ ला बर्लिनमध्ये ऑपेराची नवी इमारत उघडली, तेव्हा पहिल्या रात्री 'डॉन जोव्हानी'च्या नाव-भूमिकेत तोच होता. भिंत उभी राहून तेव्हा सहा आठवडेच झाले होते. माक्बेथ, फाल्स्टाफ, मांड्रिका, वोझेक, सगळं गायला. आणि ऑपेरासोबत एकट्या पियानोच्या साथीने गायची गीतं, ज्यांना जर्मनमध्ये 'लीड' म्हणतात, ती तर आयुष्यभर. जेराल्ड मूरच्या साथीने त्याने शूबर्टची चारशेवर गीतं ध्वनिमुद्रित केली. 'विंटररायझं'कडे तो पुन्हा पुन्हा येत राहिला. मूर, डेमुस, बारेनबॉइम, ब्रेंडेल, पेराइया, साथीदार बदलत गेले, पण बर्फ तोच, म्हाताराही तोच.

३० मे १९६२. इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी इथलं जुनं कॅथीड्रल जाळलं होतं. त्या अवशेषांशेजारी नवीन बांधलं, आणि त्याच्या उद्‌घाटनानिमित्त बेंजामिन ब्रिटनने 'वॉर रेक्विएम' लिहिलं. ब्रिटनच्या मनात तीन गायक होते. इंग्लंडचा पीटर पिअर्स, रशियाची गलिना विश्नेव्हस्काया आणि जर्मनीचा फिशर-डीस्काउ. सोव्हिएत सरकारने विश्नेव्हस्कायाला येऊ दिलं नाही, तिच्याऐवजी हेदर हार्पर गायली. शेवटच्या भागात विल्फ्रेड ओवेनची कविता आहे. एक सैनिक मेल्यावर जमिनीखालच्या एका अंधाऱ्या बोगद्यात येतो आणि तिथे त्याला एक अनोळखी माणूस भेटतो. बोलता बोलता कळतं की याला आपणच काल मारलं. इंग्लिश टेनरने मारणारा गायचा, जर्मन बॅरिटोनने मेलेला. (ओवेन स्वतः पहिल्या महायुद्धात, युद्ध संपायला आठवडा उरला असताना मारला गेला.)

ज्या गावावर आपल्या देशाने बॉम्ब टाकले त्या गावात, त्यांच्या भाषेत, मेलेल्या शत्रूची भूमिका. कार्यक्रम संपल्यावर डीस्काउला आपले अश्रू आवरेनात, तोंड कुठे लपवावं कळेना, मेलेले मित्र डोळ्यांपुढे येत राहिले, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. पिअर्सला त्याला जागेवरून उठवणं कठीण गेलं. मित्रांच्या त्या यादीत भाऊही असेल का? त्याने लिहिलेलं नाही, म्हणून मीही म्हणत नाही.

पुढचं वर्ष त्याच्यासाठी वाईट गेलं. पत्नी इर्मगार्ड पॉपेन ही चेलो वाजवायची, १९४९ मध्ये त्यांचं लग्न झालं होतं. १९६३ मध्ये तिसऱ्या मुलाच्या बाळंतपणात ती गेली. तीन मुलं मागे राहिली. मातियास, मार्टिन आणि मानुएल. हो, मधल्याचं नाव मार्टिन. तो पुढे संगीत दिग्दर्शक झाला.

त्याच १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिनमध्ये आणखी एक गोष्ट घडली. फिलहार्मोनी हे नवं भव्य संगीतगृह उघडलं. डीस्काउ तिथे पुढे कितीदा तरी गायला. आता ती जागा कोणती होती ते सांगतो. युद्धाच्या काळात तिथे टीअरगार्टन रस्त्यावर चौथ्या क्रमांकाचा बंगला होता. अपंग, मनोरुग्ण, 'जगायला नालायक' ठरवलेल्या माणसांना मारण्याची योजना त्या बंगल्यातून चाले. पत्त्यावरूनच तिला 'टी-४' म्हणतात. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत विषारी वायूने सुमारे ७०,००० माणसं मारली. बोभाटा झाल्यावर ऑगस्ट १९४१ मध्ये ते अधिकृतपणे थांबवलं, आणि मग संस्थांमधून गुपचूप, औषधं टोचून आणि उपाशी ठेवून, युद्ध संपेपर्यंत चालू ठेवलं. त्या जागेवर कितीतरी वर्षं त्याची धड खूणही नव्हती. निळ्या काचेची लांब भिंत असलेलं स्मारक उभं राहिलं ते २०१४ मध्ये. तोवर डीस्काउ जाऊन दोन वर्षं झाली होती.

म्हणजे मार्टिनसारख्यांचा हिशेब जिथे लिहिला जात होता, त्या जागेच्या दाराशी मार्टिनचा भाऊ अनेक वर्षं गात राहिला. सूटबूट घातलेले श्रोते त्या फुटपाथवरून आत जात राहिले. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा राग आला. मग आमची मागची खोली आठवली आणि राग कुणावर काढावा ते कळेना. दार लोटून घ्यायला नाझीच लागतो असं नाही. आमचं घर साधं, देवभोळं, प्रेमळ होतं. मामाला दोन वेळचं गरम जेवण मिळायचं, आजी स्वतः भरवायची. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, ते मी विसरत नाही. पण 'हा आपला' म्हणायला मलाही जमलं नव्हतं, हेही खरंच आहे.

नंतरच्या दोन गोष्टी सांगून आवरतं घेतो. १९७१ मध्ये तो दानिएल बारेनबॉइमबरोबर इस्रायलमध्ये जाऊन गायला, आणि जर्मनमध्येच गायला. ज्यांच्या कानात त्या भाषेतले हुकूम राहिले होते अशी माणसं त्या देशात घरोघरी होती. दुसरी गोष्ट 'लिअर'ची. शेक्सपिअरच्या राजावर ऑपेरा लिही म्हणून तो आरिबर्ट राइमान या संगीतकाराच्या मागे लागला. ९ जुलै १९७८ ला म्युनिकमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला, लिअर अर्थात तोच. माळरानावर वादळात सगळं गमावलेला राजा एका उघड्या, वेडगळ माणसापुढे थांबतो आणि माणूस म्हणजे मुळात एवढाच, हे त्याला तिथे उमगतं. नाटकातली ही जागा मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला आमच्या बाईंच्या कॅसेटवरचा तो बर्फातला म्हातारा आठवतो. दोन्ही ठिकाणी गाणारा एकच.

१९८१ मध्ये त्याने चौथी पत्नी, गायिका यूलिया वारादी हिच्यासोबत झेम्लिन्स्कीची 'लिरिक सिंफनी' ध्वनिमुद्रित केली. तिचे शब्द आपल्या रवींद्रनाथांचे, 'गार्डनर'मधले, जर्मनमध्ये. ३१ डिसेंबर १९९२ ला म्युनिकमध्ये तो शेवटचं गायला. काय गायला? 'फाल्स्टाफ'चा शेवट, ज्यात सगळे मिळून जग म्हणजे एक थट्टा आहे असं हसत सांगतात. नंतर शिकवलं, वाद्यवृंद चालवला, चित्रं काढली, पुस्तकं लिहिली. १८ मे २०१२ ला तो गेला, ८७ वा वाढदिवस दहा दिवसांवर असताना. २०२५ मध्ये त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली.

बाळमामा २००४ मध्ये गेला. आजी त्याआधीच गेली होती, शेवटची सहा वर्षं तो आमच्याकडे पुण्यात होता. त्याची खाट मी बाहेरच्या खोलीत टाकली होती. यात मोठेपणा काही नाही, घर दोन खोल्यांचं होतं. एका रविवारी मी ती 'विंटररायझं' लावली होती. शेवटचं गाणं लागलं तेव्हा मामा उठून बसला आणि आकाशवाणीला हलवायचा तशी मान हलवू लागला. तेवढ्यात दारात वर्गणी मागायला सोसायटीचे दोघे आले. त्यातल्या एकाने खाटेकडे पाहून हळूच विचारलं, "हे कोण?"

"माझा मामा," मी म्हणालो. "गाणं ऐकतोय. बसा."